चाळीस फूट

"जिनू, तुझं पान उघडंना झालंय."

आक्काचा फोन आला तेव्हा मी पुलाच्या कठड्यावरून वाकून खांबावर रंगवलेली फुटांची पट्टी वाचत होतो. सकाळची वेळ होती. पाणी चिकणमातीच्या रंगाचे झाले होते, आणि त्यात मुळांसकट उपटलेला ऊस वाहत चालला होता.

"काय दिसतंय तुला?"

"पांढरं पान अन् वर इंग्रजी. लिमिट का काय म्हणतंय. ह्यांनी दहांदा इचारलं, किती झालं, किती झालं. मी काय सांगू?"

"साडेएकोणचाळीस सांग."

"त्यास्नी माझ्या तोंडचं नको. पानावरचं पायजे."

पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाल्यावर मी नदीकाठच्या पूर समितीसाठी एक संकेतस्थळ चालवीत होतो. पानावर वरच्या भागात 'आत्ताची पाणीपातळी' असे शब्द आणि त्याखाली तळहाताएवढा आकडा. पुलावर उभे राहून मी पट्टी वाचायची, फोनवरून आकडा भरायचा, आणि खालच्या चौदा गावांनी तो आपापल्या घरात पाहायचा, इतकी साधी रचना होती. मोजणारा आणि मोजमाप वापरणारा यांच्यामध्ये जितके हात कमी, तितकी चूक कमी, असे तंत्रनिकेतनात आमचे कार्यशाळेचे सर सांगत. ते मी आयुष्यभर पाळले होते.

आक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तिचे घर वाळकुंडीच्या खालच्या गल्लीत. पाणी पंचेचाळीस फुटांवर गेले की वाळकुंडीचा रस्ता बुडतो आणि सत्तेचाळीसला खालच्या गल्लीतल्या घरांत शिरते. दाजींना, म्हणजे तिच्या यजमानांना, दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आलेला. डावे अंग पूर्ण गेलेले. त्यांना हलवायचे म्हणजे खाटेसकट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवावे लागे आणि त्याला चार माणसे लागत.

आदल्या वर्षी कुणाच्या तरी अफवेवरून त्यांना असेच हलवले होते. पाणी आलेच नाही. दाजी चार दिवस शाळेच्या व्हरांड्यात पडून राहिले. येणारे-जाणारे पाहत असताना आक्काने त्यांचे कपडे बदलले. एके काळी पंचक्रोशीत फडावर कुस्त्यांचा निकाल देणारा तो माणूस. घरी आल्यावर त्यांनी जडावलेल्या जिभेने एवढेच बजावले होते की आता जिनूच्या पानावर त्रेचाळीस दिसल्याशिवाय मला कुणी हात लावायचा नाही. शेजारचा सुकुमार ट्रॅक्टर घेऊन तयार होता. त्रेचाळीस दिसले की आक्काने त्याला हाक मारायची, असे आमचे ठरलेले होते.

"थांब. तासाभरात उघडतं की नाही बघ," मी म्हणालो आणि पुलावरून गावाकडे निघालो.

किरण तेरदाळेचे कार्यालय बाजारपेठेत घड्याळाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होते. खोली एक, खुर्च्या दोन. तालुक्यातली बहुतेक संकेतस्थळे त्याच्याकडेच असायची. मला पाहताच तो उठला.

"या काका. मला वाटलंच तुम्ही येणार. सकाळपासनं तुमच्याच पानानं शंख केलाय."

"बंद का पडलं ते सांग आधी."

"बंद नाही पडलेलं. अडवलंय. मीच नेमलेल्या पहारेकऱ्यानं अडवलंय असं म्हणा."

त्याने पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर एक लाल रेघ वर जाऊन छताला लागावी तशी टेकून आडवी चालली होती.

"यंत्र एकच आहे काका. पुण्यात भाड्यानं घेतलंय. त्याच्यावर दोनशे जणांचे संसार. मंगल कार्यालयं, क्लासेस, दूध संघ, तुम्ही. एकानं सगळं ओरपलं तर बाकीचे उपाशी. म्हणून प्रत्येकाला वाटा ठरवून दिलाय. इतकी मेमरी, इतका प्रोसेसर, आणि एका वेळी आत इतकीच माणसं. तुमच्या वाट्याला वीस."

"वीस? अरे, चौदा गावं बघतायत."

"चौदा गावं बघू देत की. माणूस आत आला आणि चटकन बाहेर पडला तर वीस जागांत हजारो माणसं निघतात. तुमच्याकडं माणूस आत अडकतोय. खाली तो आकडा आहे बघा, 'आपण अमुक क्रमांकाचे वाचक'."

तो आकडा मला ठाऊक होता. समितीच्या अध्यक्षांनी हट्टाने बसवून घेतला होता. मी त्याच्याकडे कधी लक्ष देत नसे.

"प्रत्येक माणूस आला की आधी त्या आकड्यात एक मिळवायचा आणि लिहून ठेवायचा. लिहिताना एका वेळी एकच. दुसरा मागं उभा. दुसऱ्यामागं तिसरा. एरवी दिवसाला पन्नास माणसं येतात, कुणाला कळत नाही. आज सगळी एकदम आली. वीस जागा भरल्या की एकविसाव्याच्या तोंडावर दार बंद. आणि दार बंद दिसलं की माणूस काय करतो?"

"परत दाबतो."

"परत दाबतो. घाबरलेला असला तर दहा वेळा दाबतो. म्हणजे एकाची दहा माणसं झाली."

मला हे समजावून सांगायची फारशी गरज नव्हती. तीस वर्षे मी कालव्यावर काढली होती. वरच्या शेतकऱ्याने आपले दार बोटभर जास्त उचलले की कालव्याच्या शेवटच्या टोकाचे पीक वाळते, आणि वाळणारा माणूस उचलणाऱ्याला ओळखतसुद्धा नसतो. म्हणून आम्ही दारांना कुलपे घालीत होतो. कुलूप फोडणाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या, एकदा मारही खाल्ला होता. पण दार उचलू दिले नव्हते.

तरीही मी विचारले, "माझा वाटा वाढवता येईल?"

"येईल की. आत्ता, तुमच्यासमोर." किरणने हात कळफलकावर ठेवला, दाबले मात्र काही नाही. "पण यंत्र कालपासनं दमलंय. तुमचा वाढवला की दुसरा कुणीतरी पडणार. कोण पडेल ते मला सांगता यायचं नाही. त्यात डायलिसिस सेंटर आहे. त्यांच्या पाळ्या त्याच्यावरनं लागतात, आणि रस्ते बंद व्हायच्या आत पेशंट गाठायचेत त्यांना."

"मग नको."

"विचार करा. तुमचं काम पण..."

"नको म्हणालो ना. दुसरा मार्ग सांग."

तो हसला. "दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, त्यांचं मरू दे, माझं बघ. काका, तुम्ही माझ्या धंद्यात असतात तर सगळी गिऱ्हाइकं तुमच्याकडं आणि मी भीक मागत असतो."

"मार्ग सांग."

"प्रत करायची. आत्ता काय होतंय, प्रत्येक माणसासाठी पान नव्यानं रांधलं जातंय. त्याऐवजी एकदा रांधायचं, त्याचा फोटो काढल्यासारखी प्रत ठेवायची आणि येईल त्याच्या हातात तीच द्यायची. मोजणी नाही, रांग नाही. माणूस आत यायच्या आधीच काम झालेलं. मग लाख माणसं आली तरी तुमचा वाटा संपत नाही."

"पातळी बदलली की?"

"बदल झाला की जुनी प्रत फेकून आपोआप नवी होते. तसा प्रोग्रॅमच असतो तयार. घालू?"

"घाल."

पाचेक मिनिटांत त्याने ते घातले. मी खिडकीशी जाऊन पुलावर थांबलेल्या होमगार्डला फोन लावून पट्टी वाचायला सांगितली. चाळीस. तो आकडा मी माझ्या फोनवरून भरला. माझ्या फोनवर चाळीस आले. मग किरणने तो प्रोग्रॅम चालू केला आणि आपल्या पडद्यावर पान उघडले. डोळ्याचे पाते लवायच्या आत ते समोर आले. आत्ताची पाणीपातळी, चाळीस फूट. लाल रेघ खाली उतरून जमिनीला लागली होती.

"झालं," किरण म्हणाला. "आता झोपून बघितलं तरी चालेल."

मी आक्काला फोन केला.

"उघडलं की रे. चाळीस." तिने खोलीतल्या खोलीत ओरडून दाजींना सांगितले आणि परत माझ्याशी बोलू लागली. "खालती बघ, अकरा हजार चारशे बारावी वाचक हाय मी. तुझ्या लग्नाला बी एवढी माणसं नव्हती आली."

"आक्का, नीट ऐक. आता मला फोन करू नकोस. मी उचलणार नाही. फोन आला की माझं इंटरनेट बंद पडतं आणि नोंद अर्धवट राहते." तेव्हा आमच्या भागात तसेच होते, बोलणे आणि भरणे एका वेळी जमत नसे. "कुणाचाच फोन मला लागणार नाही असं करून ठेवतोय. मी काय सांगायचं ते पानावर सांगीन. पान बघ."

"बघत बसते की. दुसरं काय काम हाय मला?"

"त्रेचाळीस झालं की..."

"सुकुमारला हाक. व्हय रे, कितीदा सांगशील? पोरगी हाय का मी?"

मी पुलावर परतलो. वरच्या धरणातून सोडलेले पाणी अपेक्षेपेक्षा लवकर येत होते. दुपारच्या आधीच एक्केचाळीस झाले, मी भरले. बेचाळीस, भरले. प्रत्येक वेळी आकडा भरल्यावर मी पान उघडून तपासत असे, ही माझी जुनी सवय. खात्यात असतानाही मी दार बंद केल्यावर परत एकदा हात लावून पाहत असे. पानावर दर वेळी माझा नवा आकडा बिनचूक दिसत होता. ते उघडायला पूर्वीइतकाच वेळ लागत होता, याकडे मी फारसे लक्ष दिले नाही. पुलावर रेंज कमीच असते.

त्रेचाळीस भरला तेव्हा मी क्षणभर वाळकुंडीच्या दिशेने पाहिले. पावसाच्या पडद्यातून काहीच दिसत नव्हते. आता सुकुमारने ट्रॅक्टर सुरू केला असेल, दाजी पुन्हा एकदा डोळे मिटून घेतील, आक्का त्यांच्यावर मेणकापड धरून ट्रॉलीत बसेल, असे मी मनाशी रचले. मला हलके वाटले. चव्वेचाळीस भरला तेव्हा त्या दोघांचा विचारही मनात आला नाही.

पंचेचाळीसला होमगार्डने पुलावरची वाहतूक थांबवली. अडकलेल्या वाहनांत भूपालचा दुधाचा टेम्पो होता. आमच्या ओळखीचा माणूस, खालच्या गावांचे दूध गोळा करणारा. तो खाली उतरून माझ्याजवळ आला आणि पट्टीकडे पाहत राहिला.

"काका, ती पट्टी काय दावती?"

"पंचेचाळीस. आताच झाले."

"मग तुमी चाळीस का लावून ठेवलंय?"

"कुठे?"

"पानावर की. सकाळपास्नं चाळीसच हाय. मी म्हटलं, पाणी थांबलं. म्हणून तर घरला निघालतो."

मी माझा फोन त्याच्यासमोर धरला. पंचेचाळीस. त्याने आपला फोन माझ्या फोनाशेजारी धरला. चाळीस. दोन्हीवर वर तेच शब्द होते. पावसाचे थेंब दोन्ही काचांवर पडत होते, आणि भूपाल आपल्या बाहीने आधी त्याची काच पुसत होता, मग माझी.

"तुमचा फोन खराब झालाय जणू," तो म्हणाला.

मी आक्काला फोन लावला. लागला नाही. सुकुमारला लावला. त्याने उचलला आणि मी बोलायच्या आत म्हणाला, "काका, रस्ता गेला. मी ह्या बाजूला हाय, वरच्या गल्लीतली माणसं सोडायला आलतो. आता माघारी जाता येईना."

"आक्का कुठे आहे?"

त्याने इंजिन बंद केले.

"घरात. दोन तासांमागं गेलतो मी. ट्रॉली दारात लावलीती. आक्का म्हणाल्या, पान चाळीस सांगालंय, जिनू पुलावरच हाय. दाजींना उगं कशाला? वरच्या गल्लीचं उरकून ये. मी बी बघितलं माझ्या फोनवर. चाळीसच होतं काका."

होडी मिळवायला आणि ती वाळकुंडीपर्यंत जायला संध्याकाळ झाली. मला होडीत घेतले नाही. जागा आणायच्या माणसांसाठी हवी होती, आणि ते योग्यच होते. वाळकुंडीची माणसे ज्या शाळेत आणत होते तिथे मी थांबलो. आदल्या वर्षीचीच शाळा, तोच व्हरांडा.

आक्का दोन माणसांच्या आधाराने चालत आली. कमरेपासून खाली चिखल, हात कोपरापासून पुढे पांढरे पडलेले. तिच्या मागून माणसांनी खाट आणली. खाटेवर चादर वरपर्यंत ओढलेली होती.

मी तिच्याजवळ बसलो. ती माझ्याकडे न पाहता हात चोळत होती.

"मागल्या ओढ्यानं आलं," ती म्हणाली. "नदी तिकडं, अन् पाणी पाठीमागनं. खाटंला लागल्यावर कळलं. मी त्यांच्या उशाला बसून डोकं वर धरलं. लई वेळ धरलं, जिनू. हात काय माझं राहिलं न्हाईत. ते म्हणत होते, सोड. मी म्हटलं, होडी येतीया. आली बी. पर त्याच्या आधी जरा..."

शेजारच्या बाईने तिच्या खांद्यावर घोंगडी टाकली. आक्काने पोलक्यातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन काढला आणि माझ्या हातात दिला.

"बघ. अजून चाळीसच हाय."

मी पाहिले. आत्ताची पाणीपातळी, चाळीस फूट. पान डोळ्याचे पाते लवायच्या आत उघडले.

किरणने दुसऱ्या दिवशी सगळे उलगडून सांगितले. त्याचा आवाज खालच्या पट्टीत होता आणि तो माझ्या तोंडाकडे पाहत नव्हता. नवी प्रत व्हायची ती समितीने संकेतस्थळावर एखादी सूचना प्रसिद्ध केली तरच. पानावर बदल झाल्याचे त्या प्रोग्रॅमला तेवढ्यावरूनच कळे. आमची पातळी सूचना म्हणून जात नव्हती, वेगळ्या कोष्टकात जात होती. माझे आकडे यंत्रात अचूक पोचले होते. लोकांच्या हातात मात्र पहिलीच प्रत पडत राहिली. आणि मला नवा आकडा दिसत होता, कारण मी पासवर्ड घालून आत गेलेला माणूस. आतल्या माणसाला प्रत देत नाहीत. त्याच्यासाठी पान दर वेळी ताजे रांधतात.

"तुम्ही एकदा जरी बाहेर पडून बघितलं असतं..." तो म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, "मीच बघायला पाहिजे होतं."

डायलिसिस सेंटरचे सगळे पेशंट वेळेवर हलले, हेही त्याने सांगितले. ते ऐकून मला बरे वाटावे अशी त्याची अपेक्षा नव्हती, आणि मला वाटलेही नाही.

दाजींचे दिवस होईपर्यंत मी आक्काकडे होतो. भिंतींवर छातीइतक्या उंचीवर चिखलाची रेघ होती आणि ती पुसायला तिने कुणाला हात लावू दिला नाही. किरणने सांगितलेले मी तिला सांगितले, प्रत आणि कोष्टक आणि आतला माणूस, जेवढे सोपे करता आले तेवढे करून. ती भाकरीच्या पिठात हात घालून ऐकत होती.

"म्हणून व्हय खालचा आकडा हलंना झालता," ती म्हणाली.

"कुठला आकडा?"

"वाचकांचा. अकरा हजार चारशे बारा. सकाळी बघितला, दुपारी बघितला, तेवढाच. दर वेळंला मीच ती."

तिने पिठात पाणी घातले.

"ह्यांनी इचारलं, आकडा का गं हलंना? मी म्हटलं, आता कुणी बघंनाच झालंय. लोकांची काळजी मिटली असंल. सगळी आपापल्या घरात निवांत बसली असतील." तिने पिठाचा गोळा उचलला आणि परातीवर ठेवला. "ते म्हणाले, मग आपुन बी बसू."

समितीने पुढे ते पान दुरुस्त करून घेतले, अधिक पैसे भरून स्वतंत्र यंत्रही घेतले. आकड्याशेजारी वेळ छापतात. ते आता दुसरी माणसे चालवतात आणि चांगले चालवतात. मी पट्टी वाचायला मात्र अजून जातो. गुडघे कुरकुरतात, कठड्याला धरून वाकावे लागते.

पाणी वाढले की आक्काचा फोन येतो. पान उघडलेले असते तिच्याकडे. मागे आवाज येतो, कुणीतरी आकडा वाचून दाखवीत असते. ती त्यांना गप्प करते.

"किती झालं रे?"

मी सांगतो.

"डोळ्यांनी बघून सांगालायस न्हवं?"

"व्हय आक्का. पुलावर उभा आहे."

"वाक," ती म्हणते. "परत एकदा वाकून बघ."

मी वाकतो. ती फोन धरून थांबते.